कामाचे स्वरूप

माणसाला आयुष्यात काय काय आडवं येतं. कुणाला पत्रिकेतला मंगळ, कुणाला सासरा, कुणाला मांजर. मला एक रकाना आडवा आला. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या गेटवर भेटायला येणाऱ्यांचं रजिस्टर असायचं. खाकी पुठ्ठ्याचं, कडांना कापडी पट्टी चिकटवलेलं. त्यातला डावीकडून पाचवा रकाना. जेमतेम दीड इंच रुंद. वर छापलेलं होतं, 'कामाचे स्वरूप'. आणि त्या रकान्यावर बोट ठेवून देवरे अण्णा बसलेले असायचे.

अण्णा त्या गेटचे वॉचमन. आणि मी एक होतकरू चित्रकार. होतकरू हा शब्द माझा, घरच्यांचा शब्द वेगळा होता.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. कमर्शिअल आर्टचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून मी नाशकातल्या एका छापखान्यात लग्नपत्रिकांवर गणपती बसवायचं काम करत होतो. दोन वर्षं गणपती बसवल्यावर एक दिवस मला वाटलं, आपल्या कलेची इथं माती होते आहे. ज्या दिवशी असं वाटतं त्या दिवशी माणसानं रजा टाकून झोपावं. मी राजीनामा दिला. माझे वडील ओझरच्या विमान कारखान्यात होते. तीस वर्षं एकच बस, एकच खिडकी आणि पहिल्या तारखेला पगार. त्यांनी शांतपणे विचारलं, "मग आता उद्यापासून कुठं जाणार?"

"कुठंच नाही. फ्रीलान्स. लोकांकडे जाऊन त्यांची कामं मिळवायची."

"म्हणजे सगळीकडंच जाणार," वडील म्हणाले.

त्यांनी मला दिवाळीपर्यंत मुदत दिली. तोवर एक तरी काम मिळालं तर पुढं बघू. नाही तर मनमाडला मामांच्या ओळखीनं एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात कारकुनी ठरलेलीच होती. मामांनी तिथली माझी खुर्चीसुद्धा बघून ठेवली होती. तिला एक हात नव्हता, असं ते पत्रात लिहून कळवायला विसरले नव्हते.

जुलैतल्या एका दमट सकाळी मी मोहिमेवर निघालो. गळ्यात चुलतभावाच्या लग्नातला मरून टाय. हातात भद्रकालीच्या बाजारात मुद्दाम शिवून घेतलेली काळी, चपटी, अडीच फुटी बॅग. त्या कारखान्यात पाण्याच्या पंपांचे सुटे भाग बनत. त्यांना आपण कॅटलॉग करून देऊ, लेबलं करून देऊ, त्यांचं रूपच पालटून टाकू, असं मी स्कूटरवर स्वतःशी बोलत आलो होतो. गेटवर अण्णांनी आधी बॅगकडं पाहिलं.

"कॅरम घेऊन कुठं निघालात?"

"कॅरम नाही. पोर्टफोलिओ आहे. माझी कामं आहेत यात."

"म्हंजे कॅरम नाय."

"नाही."

"मंग लिहा." त्यांनी रजिस्टर पुढं सरकवलं.

मी झोकदार अक्षरात लिहिलं, 'व्यावसायिक चर्चा'. अण्णांनी खिशातून चष्म्याचं घर काढलं, घरातून चष्मा काढला, काचा पुसल्या आणि ते दोन शब्द सावकाश वाचले.

"आतून कोणी बोलावलंय?"

"नाही."

"मंग चर्चा कोणाशी?"

"साहेबांशी करायची आहे."

"त्यांना ठाऊक हाय?"

"नाही."

"मंग ती चर्चा नाय. चर्चेला दोन माणसं लागतात. तुम्ही एकटेच हायेत. खरं काय ते लिहा."

मी ते खोडलं आणि लिहिलं, 'व्यवसायाच्या संधींचा शोध'. रकान्यात मावेना म्हणून शेजारच्या वेळेच्या रकान्यात घुसलो. अण्णांनी तेही वाचलं.

"आत संधी नाय," ते म्हणाले. "लेथ मशिनी हायेत. चौदा."

माझ्या मागं एक टेम्पोवाला आणि एक कुरिअरवाला उभे होते. टेम्पोवाला हसला. अण्णा हसले नाहीत. ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "काम मागायला आलाय ना? मंग तसं लिहा. काम मागणे."

माझे कान तापले. पाच वर्षं रंगसंगती शिकलेला माणूस मी, माझ्या हातानं 'काम मागणे' लिहू? "मी काम मागत नाही, मी सेवा देतो," मी म्हणालो.

"मंग ज्याला पायजे त्याला द्या. इथं कोणी मागितलेली नाय."

मी बॅग उचलून चालता झालो. स्कूटर सुरू व्हायला अकरा किका लागल्या आणि त्या अकराच्या अकरा त्या तिघांनी मोजल्या असणार.

देवरे अण्णा किडकिडीत होते, पण बसले तरी उभे असल्यासारखे दिसायचे. खाकी शर्टाचं गळ्याजवळचं बटण वैशाखातही लावलेलं. खिशाला दोन पेनं, निळं येणाऱ्यांना लिहायला, लाल त्यांचं स्वतःचं. त्यांचा ताठा पाहून मी पुढं एकदा अदबीनं विचारलं होतं, "अण्णा, कुठल्या रेजिमेंटला होतात?"

"सटाण्याच्या बाजारात," ते म्हणाले. "कांदा मोजायचो."

मोजण्याची ती सवय गेटवरही राहिली होती. येणाऱ्याची वेळ ते मिनिटासकट लिहून घेत, आणि जाणाऱ्याचीही. बाहेर जायची वेळ आपल्याकडं कुठल्याच रजिस्टरात कोणी लिहीत नाही, पण अण्णांच्या गेटातून ती लिहिल्याशिवाय सुटका नव्हती. कोणाचाही चहा ते घेत नसत. "चहा घेतला की माणूस आत सोडावा लागतो," हे कारण. उलट तेच प्रत्येकाला स्टीलच्या पेल्यातून माठातलं पाणी देत. पाणी न पिता आत जाऊ देत नसत. तहानलेला माणूस भरभर बोलतो आणि भरभर बोलणाऱ्याला साहेब लोक भरभर नाही म्हणतात, असं त्यांचं निरीक्षण होतं.

एरवी ते नाशकात राहून घासलं गेलेलं मराठी बोलत. पण कोणी हुज्जत घालायला लागला की मूळ बागलाणात परत जात. एकदा एक लोखंडवाला, आपण नऊलाच आलो होतो, पावणेदहाला नव्हे, म्हणून तावातावानं भांडत होता. अण्णांनी रजिस्टरातल्या वेळेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "लिखेल शे." म्हणजे लिहिलेलं आहे. त्यापुढं बोलणं संपलं. त्यांनी लिहिलेलं खोटं निघालं, असं त्या कारखान्यात कोणाला आठवत नव्हतं.

हा नियम फक्त माझ्यासारख्या गरजूंना होता असंही नाही. एकदा मालकांचे मेहुणे आले. गाडीतून उतरले, रकान्यात 'सहज' लिहून आत निघाले. अण्णांनी हाक मारून परत बोलावलं. "दाजी, उन्हात दुपारी दोनला सहज कोणी येत नाय." मेहुण्यांनी आवाज चढवला, मालकांचं नाव घेतलं, शेवटी पाणी प्याले आणि 'गाडी मागणे' असं लिहून आत गेले. मालक नंतर ही गोष्ट स्वतः सगळ्यांना हसत सांगायचे. गाडी त्यांनी दिली नाही म्हणे, पण कारण आधीच कळल्यामुळं उत्तर तयार ठेवता आलं.

तर मी पुन्हा गेलो. जाणं भाग होतं. आठवडाभर इतर गेटांवर फिरलो होतो. तिथं 'व्यावसायिक चर्चा' बिनदिक्कत चालली होती आणि मला आत सोडून तितक्याच बिनदिक्कत बाहेर काढलं होतं. या खेपेला मी 'काम मागणे' लिहिलं, पण इतक्या बारीक अक्षरात की ते काम कोणालाच दिसू नये.

अण्णांनी चष्मा लावला. "हे मुंगीनं लिहिलं का?"

पण त्यांनी सोडलं. मालकांनी मला उभ्यानंच ऐकलं आणि 'सध्या गरज नाही' म्हणून दोन मिनिटांत मोकळं केलं. मी गेटवर आलो तो चेहरा पार उतरलेला. अण्णांनी बाहेर जायची वेळ लिहून घेतली आणि हळूच म्हणाले, "आर्टिस्ट, तोंड सरळ करा. हो म्हटलं काय, नाय म्हटलं काय, गेटातून निघताना तोंड एकच ठेवायचं. समोरच्या गेटावरचा वॉचमन बघून राहिला. त्याला कळलं की तुम्ही हरून चाललेत, तर तो तुम्हाला आत कशाला घेईल?" मी तोंड सरळ केलं. आरशात पाहिलं असतं तर त्या तोंडाला पोट दुखत असावं असं वाटलं असतं. "आणि स्कूटर येतानाच तोंड रस्त्याकडं करून लावा," अण्णा म्हणाले. "नाय म्हटल्यावर ती वळवताना लय वाईट दिसतं."

हे ज्ञान मला पाच वर्षांत कोणत्याही प्राध्यापकानं दिलं नव्हतं. अण्णांनी एक वारही सांगितला होता, मंगळवार. सोमवारी मशिनी कुरकुरतात, बुधवारपासून माल पाठवायची घाई, साहेबांचं डोकं थंड ते मंगळवारी. मी मात्र हुशार. मंगळवारी सगळेच येत असणार, म्हणून गर्दी टाळायला एका शनिवारी गेलो. टाय, बॅग, इस्त्री, सगळं जागच्या जागी. सबंध वसाहत शुकशुकाट. शहरात रविवारी सुट्टी असते तशी कारखान्यांना शनिवारी असते, हे नाशकात जन्म काढलेल्या माणसाला ठाऊक नसावं! कारखान्यात फक्त अण्णा होते आणि एक कुत्रं. अण्णांनी रजिस्टर पुढं केलं.

"आत कोणीच नाही ना, अण्णा?"

"तुम्ही आलात ना? मंग लिहा."

मी लिहिलं. आत यायची वेळ दहा वाजून दहा. पाणी प्यालो. बाहेर जायची वेळ दहा चौदा. कुत्र्यानंसुद्धा मान वर केली नाही.

गणपती गेले, नवरात्र आलं. घरात मनमाडचा विषय रोज जेवताना निघू लागला. मग मी ते केलं जे आपल्याकडं कलावंत शेवटी करतोच. वशिला लावला. वडिलांच्या एका मित्राची त्या मालकांशी जुनी ओळख होती. त्यांनी चिठ्ठी दिली, 'पत्र घेऊन येणारा मुलगा होतकरू असून...' वगैरे. मी ती चिठ्ठी अण्णांपुढं अशी धरली की जणू गेट आपोआप उघडणार आहे. अण्णांनी ती घेतली, रजिस्टरात 'एक चिठ्ठी' अशी वेगळी ओळ लिहिली आणि शिपायाबरोबर आत पाठवून दिली.

"आणि मी?"

"चिठ्ठी भेटायला आलीय ना? ती गेली. तुम्ही बसा."

वीस मिनिटांनी चिठ्ठी परत आली. तिच्यावर 'पाहिले' असं लिहून सही केलेली होती. मी बाकावरच होतो.

"चिठ्ठीनं चिठ्ठी आत जाते," अण्णा म्हणाले. "माणूस बाहेरच राहतो." ते हिणवून नाही म्हणाले, पण मी रडायच्या बेताला आलो होतो. दिवाळी तीन आठवड्यांवर होती. मी त्यांना सगळं सांगून टाकलं. वडील, मुदत, मनमाड, एक हात नसलेली खुर्ची. अण्णांनी ऐकून घेतलं आणि पाण्याचा दुसरा पेला दिला. दुसरा पेला त्यांनी कोणाला दिलेला मी तोवर पाहिला नव्हता.

पुढच्या मंगळवारी ते आपण होऊन म्हणाले, "उघडा बरं तो कॅरम. काय विकता ते तरी बघू."

मी बॅग उघडली. सूर्यास्तापुढं अत्तराची बाटली. बर्फाच्या डोंगरावर चॉकलेट. ढगातून येणारं विमान आणि हसणारी हवाई सुंदरी. अण्णा एकेक चित्र हात पुसून घेऊन पाहत होते.

"ही बाटली कुठं मिळते?"

"मिळत नाही. काल्पनिक आहे."

"चॉकलेट?"

"तेपण."

"विमान तरी खरं हाय का? तुमचे वडील विमानाच्याच कारखान्यात हायेत म्हणता. त्यांना दाखवलं?"

विमान वडिलांना दाखवायचं मला कधी सुचलंच नव्हतं. दाखवलं असतं तर त्यांनी पंखांतल्या चुका काढल्या असत्या.

"जे नाय ते लय भारी काढलंय," अण्णा चित्रं नीट लावत म्हणाले. "हाय ते कधी काढणार?" आणि त्यांनी आवारात हात केला. तिथं ट्रक भरत होते. "अर्धा तास इथं उभं राहा. बोलू नका. नुसतं बघा."

मी उभा राहिलो. पहिली दहा मिनिटं मला काहीच दिसलं नाही. मग दिसायला लागलं. दर तिसऱ्या खोक्याला फोरमन ओरडत होता, "उलटं! अरे, उलटं ठेवलं!" हमाल खोकं फिरवत, आणि पुढचं पुन्हा उलटं ठेवत. बिचाऱ्यांची चूक नव्हती. खोक्याच्या चारी बाजूंना कारखान्याचं नाव नक्षीदार इंग्रजीत छापलेलं, आणि वर कुठलं, खाली कुठलं, ते कळायला काही वाव नाही. आतल्या भागांत तेल भरलेलं असे. खोकं उलटं पडलं की तेल गळून माल परत यायचा, हे मला फोरमननंच सांगितलं.

मी घरी जाऊन खोकं काढलं. अत्तर नाही, सूर्यास्त नाही. एका बाजूला मनगटाएवढा जाड काळा बाण, टोक आभाळाकडं, आणि त्याखाली वाचता येवो न येवो, कोणालाही कळेल असा पाण्याचा पेला, तोंड वर केलेला. तो पेला अण्णांचाच होता. आठवड्यानं पुन्हा मंगळवार आला, दिवाळीच्या आधीचा शेवटचा. मी रजिस्टरात लिहिलं, 'काम मागणे'. रकाना भरून. अण्णांनी चष्मा लावायची तसदी घेतली नाही.

मालकांनी चित्र पाहिलं, फोरमनला बोलावलं, फोरमननं कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "साहेब, हे आपल्याला कसं नाही सुचलं?" बस. मला माझं पहिलं काम मिळालं. पाच वर्षांच्या कलाशिक्षणाचं फळ म्हणजे एक बाण.

मी गेटवर आलो तो हसू गालात मावत नव्हतं. अण्णा दटावून म्हणाले, "तोंड आवरा. बाकावर दोघं बसलेत, त्यांना अजून आत जायचंय." मग त्यांनी लाल पेन काढलं आणि माझ्या ओळीच्या अगदी शेवटी, 'शेरा' या रकान्यात, लिहिलं, 'काम झाले'. तेव्हा प्रथमच माझं त्या शेवटच्या रकान्याकडं लक्ष गेलं. मी मागची पानं उलटू लागलो. पहिल्या दिवशीच्या माझ्या ओळीपुढं लाल अक्षरात होतं, 'खाडाखोड'. त्यानंतरच्या चारही ओळींपुढं, शनिवारच्यासुद्धा, एकच शेरा, 'पुन्हा येणे'.

"हे सगळ्यांना लिहिता?"

"नाय. जो येणार हाय त्यालाच."

"पण कोण येणार ते तुम्हाला काय ठाऊक?"

"दिवसभर माणसंच बघतो ना मी. खरं लिहून जो माणूस सरळ तोंडानं जातो तो परत येतो."

"आणि नाही आला तर?"

अण्णांनी रजिस्टर मिटलं. "लिखेल शे," ते म्हणाले.

घरी वडिलांनी बाण हातात धरून बराच वेळ पाहिला. "पाच वर्षं शिकून बाण काढलास?" ते म्हणाले. मग थोड्या वेळानं, "सरळ आलाय मात्र." मनमाडची खुर्ची दुसऱ्या कोणाला गेली.

एका बाणावरून दुसरं काम आलं, दुसऱ्यावरून तिसरं. द्राक्षांच्या पेट्या आल्या, पंपांचे कॅटलॉग आले, पुढं संगणक आला, शरणपूर रोडला दोन खोल्यांचं ऑफिस झालं. अण्णांच्या गेटवर वर्षातून चार-सहा वेळा जाणं होई. तिथं मी इमानदारीत 'काम मागणे' लिहायचो. इतर ठिकाणी मात्र मी मोठा झालो होतो. तिथं मी लिहायचो, 'मीटिंग'. कोणी हटकत नसे.

मग नवं शतक उजाडलं आणि तीन-चार वर्षांत तो कारखाना विकला गेला. नव्या मालकांनी गेट एका सिक्युरिटी एजन्सीकडं दिलं. निळे गणवेश आले, अण्णा गेले. मला हे दोन महिन्यांनी कळलं. लगेच भेटायला जायला हवं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा मी काय ठरवलं? की अण्णांचा एक छोटासा सत्कार करावा. शाल, श्रीफळ, चार माणसं. निमंत्रणाचं कार्डसुद्धा मनात तयार केलं, कागद कुठला वापरायचा ते ठरवलं. त्यांच्या घरी चूल कशी पेटत असेल, हा विचार काही त्या कार्डात बसला नाही. शाल आणायची राहून गेली आणि वर्ष निघून गेलं. या गोष्टीची मला आजही लाज वाटते.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात सिन्नरच्या वसाहतीतल्या एका कारखान्यात कॅटलॉगचं काम निघाल्याचं कळलं. मी सकाळी गाडी घेऊन गेलो. सवयीनं तोंड रस्त्याकडं करून लावली. गेटवरच्या वॉचमननं रजिस्टर दिलं. मी नाव लिहिलं, सवयीनं 'मीटिंग' लिहिलं, आणि वेळ काय टाकलीय ते बघायला वरच्या ओळीकडं पाहिलं. तिथं ओळखीचं, ठसठशीत अक्षर होतं. नाव, एकनाथ देवरे. कोणास भेटायचे, मालक. कामाचे स्वरूप, काम मागणे.

मी वळून पाहिलं. भिंतीलगतच्या बाकावर अण्णा बसले होते. खाकी नव्हती, पांढरा शर्ट होता, गळ्याजवळचं बटण लावलेलं. बसले होते, पण उभे असल्यासारखे.

"अण्णा!"

"या, आर्टिस्ट." त्यांना काही नवल वाटल्याचं दिसलं नाही. "बसा. माझा नंबर आधी हाय."

मी शेजारी बसलो. काय विचारावं ते कळेना, म्हणून नको तेच विचारलं. "तुम्ही इथं कसे?"

"लिहिलंय की रजिस्टरात. मंडळींना दम्याचा त्रास हाय, औषध चालू हाय. घरी बसून भागत नाय." ते सांगताना त्यांच्या आवाजात काही बदल झाला नाही. मग त्यांनी मान तिरकी करून विचारलं, "तुमचं काय? मीटिंग?"

मी उठलो, गेटवर गेलो, 'मीटिंग' खोडलं, 'काम मागणे' लिहिलं. दहा वर्षांनी पुन्हा खाडाखोड. परत येऊन म्हणालो, "अण्णा, या मालकांशी माझं फोनवर बोलणं झालंय. मी आत जाऊन तुमच्याविषयी..."

"नाय." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. त्यापूर्वी त्यांनी मला कधी हात लावला नव्हता. "तुम्ही माझी चिठ्ठी होऊ नका."

आतून बोलावणं आलं. अण्णा उठले, कोपऱ्यातल्या माठातलं पाणी प्याले, बुटाचं एकेक टोक पोटरीमागं पँटला पुसलं आणि गेले. मला शिकवलेलं एकूण एक त्यांनी केलं. मी बाकावर बसून माझी दिवाळीची मुदत आठवत होतो. माझ्यामागं तेव्हा घर होतं, वडील होते, मनमाड होतं. उतारवयात बाकावर बसताना या माणसामागं काय होतं?

दहा मिनिटांत ते बाहेर आले. मी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. आत जाताना होतं तेच तोंड. दहा वर्षांचा त्यांचा शिष्य मी, पण मला त्यावरून काडीचा अंदाज येईना.

"जा," ते म्हणाले. "पाणी पिऊन जा." आणि गेटकडं गेले.

केबिनमध्ये शिरलो तो मालक स्वतःहून बोलू लागले. "आत्ता एक गृहस्थ येऊन गेले. वॉचमनची जागा पाहिजे म्हणे. मी ठेवणारच होतो, पण वय विचारलं तर एकसष्ट म्हणाले! आमची मर्यादा पंचावन्नची. पंचावन्न म्हणाले असते तर कोण कागद बघणार होतं? दिसतही होते तेवढेच. नाही म्हणावं लागलं."

मग मी चिठ्ठी झालो. मला राहवलंच नाही. कॅटलॉग बाजूला ठेवून मी त्यांना सगळं सांगितलं. कॅरम, चौदा लेथ मशिनी, 'सहज' आलेले मेहुणे, पाण्याचा पेला, बाण. भरभर सांगितलं, कारण पाणी प्यायचं विसरलो होतो. मालक हसायचे थांबले आणि म्हणाले, "अहो, मग हे आधी नाही का सांगायचं? मर्यादा आम्हीच ठरवलेली आहे. थांबवा त्यांना!"

मी धावत गेटवर आलो. सिन्नर फाट्याकडं जाणारी जीप नुकतीच सुटली होती. मागच्या फळकुटावर, उघड्या बाजूला, माणसांच्या दाटीत अण्णा ताठ बसलेले दिसले. मी "अण्णा!" म्हणून ओरडलो. जीपमध्ये गाणी मोठ्यानं लागलेली होती. गेटातून निघालेला माणूस मागं वळून बघत नाही, तसं त्यांनी बघितलं नाही. धुरळ्यात त्यांचा पांढरा शर्ट थोडा वेळ दिसला, मग तोही दिसेना.

मी दम खात गेटवरच्या टेबलाशी टेकलो. रजिस्टर उघडंच होतं. त्यांच्या ओळीत बाहेर जायची वेळ नीट लिहिलेली होती, अकरा वाजून बेचाळीस. आणि शेवटच्या रकान्यात, जिथं त्या गेटवर कोणीच कधी काही लिहीत नव्हतं, लाल शाईत दोन शब्द होते. पुन्हा येणे.

"ते आले की थेट साहेबांकडं न्या," मी वॉचमनला म्हणालो. "मंगळवारी येतील."

"ते?" तो म्हणाला. "नाय म्हटलंय त्यांना साहेबांनी. परत येतील कशावरून?"

मी त्या शब्दांवर बोट ठेवलं.

"लिखेल शे," मी म्हणालो.